गोळी वाढवण्याआधी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबर या तारखेवर मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं मूल आणि त्याच्याहून जवळपास वर्षाने लहान, डिसेंबरातलं मूल एकाच वर्गात येतात. तिथल्या संशोधकांनी नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. डिसेंबरातल्या मुलग्यांना एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलतेच्या विकाराचं निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघालं आणि त्यासाठी औषध मिळण्याचं ४१ टक्क्यांनी. मुलींमध्ये हेच आकडे ७० आणि ७७ टक्के होते. मेंदूचा विकार काही जन्ममहिना बघून होत नाही! वर्गातलं सगळ्यात लहान मूल चुळबुळ करतं, बाईंचं बोलणं मध्येच तोडतं, कारण ते लहान असतं.

एडीएचडी हा खरा विकार आहे, आणि योग्य मुलाला मिथाइलफेनिडेट या औषधाचा चांगला उपयोग होतो. पण त्याचं निदान रक्ताच्या तपासणीतून होत नाही. शिक्षक काय सांगतात, आईवडील काय सांगतात आणि डॉक्टर किती वेळ ऐकतात, यावर ते उभं असतं. घाई झाली की चूक होते.

ही चूक केवढी मोठी होऊ शकते, ते अमेरिकेत दिसलं. बायपोलर विकाराच्या निदानासाठी मुलं आणि किशोरवयीनांच्या डॉक्टरांकडे होणाऱ्या भेटी १९९४-९५ साली लाखामागे २५ होत्या. २००२-०३ पर्यंत त्या १,००३ झाल्या. आठ वर्षांत चाळीसपट. एखादी साथ असती तर गोष्ट वेगळी. इथे मुलं बदलली नव्हती, व्याख्या सैल झाली होती. बायपोलरमध्ये उन्मादाचा झटका येतो, काही काळ टिकतो आणि ओसरतो. त्या काळात रुग्णाला झोपेची गरजच भासत नाही, विचार धावतात, बोलणं थांबत नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉ. जोसेफ बीडरमन आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलं की लहान मुलांत उन्माद असा वेगळा दिसत नाही, तो सततच्या तीव्र चिडचिडीच्या रूपात दिसतो. मग आदळआपट करणारं कुठलंही मूल त्या व्याख्येत बसू लागलं. २००८ मध्ये सेनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत बाहेर आलं की बीडरमन यांना २००० ते २००७ दरम्यान औषध कंपन्यांकडून किमान १६ लाख डॉलर मिळाले होते आणि त्यातले बरेचसे त्यांनी आपल्या विद्यापीठाला कळवलेले नव्हते. पैशासाठीच त्यांनी ते मत मांडलं, असं यातून सिद्ध होत नाही. मात्र ते मत तपासून बघायला एवढी वर्षं लागली नसती तर बरं झालं असतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. एलन लायबनलुफ्ट यांच्या गटाने ते तपासलं. सतत चिडणारी मुलं मोठी झाली की त्यांच्यात बायपोलर क्वचितच दिसला. चिंता आणि नैराश्य मात्र जास्त आढळलं. २०१३ साली डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत अशा मुलांसाठी वेगळं निदान घातलं गेलं, ते मुख्यतः बायपोलरचा शिक्का मारणं थांबावं म्हणून.

तोवर हजारो मुलं अँटिसायकोटिक औषधांवर होती. ही औषधं पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलांवरच्या २००९ च्या एका अभ्यासात जेमतेम अकरा आठवड्यांत ओलांझेपिनने सरासरी साडेआठ किलो वजन वाढलं, रिस्पेरिडोनने सव्वापाच. रिस्पेरिडोनमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून मुलग्यांची छाती वाढू शकते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी हे औषध रीतसर मान्य आहे आणि उपयोगीही. पण ते सुरू करायचं तर आधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी हवी, आणि नंतर ठरावीक काळाने पुन्हा. डॉक्टरांनी सांगितली नसेल तर पालकांनी मागावी. डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी मागावी.

निदानाआधी बघायच्या गोष्टी साध्या असतात. मूल रात्री घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का? अ‍ॅडिनॉइड वाढल्याने झोपमोड झालेलं मूल दिवसा हुबेहूब अतिचंचल वाटतं. चार-सहा सेकंद एकटक बघत राहून पुन्हा कामाला लागतं का? तो फिटचा एक प्रकार असू शकतो, ईईजी या मेंदूच्या तपासणीत कळतो. कान, डोळे, हिमोग्लोबिन, थायरॉइड हेही तपासून घ्यावं. वाचायलाच जड जातंय का? हा त्रास घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे की एकाच ठिकाणी? एकाच ठिकाणी असेल तर आधी तिथे काय चाललंय ते शोधावं: शाळेतली दादागिरी, घरातली भांडणं, कधी कधी मारही. आणि पालकांनी दोन आठवडे वही ठेवावी: चिडणं किती वाजता सुरू झालं, आधी काय घडलं, किती वेळ टिकलं. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना आठवणीपेक्षा ही वही जास्त सांगते.

दुसरी गोळी लिहून दिली जाते तेव्हा पहिलीचं काय झालं, हे विचारावं. पहिलीच्या दुष्परिणामावर दुसरी, दुसरीच्या झोपेवर तिसरी, अशी रांग लागते. एक मात्र जपावं: हा लेख वाचून घरच्या घरी औषध बंद करू नये. क्लोनिडिन हे औषध अचानक सोडलं तर रक्तदाब उसळी घेतो. नैराश्यावरची औषधं एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ आणि बेचैनी येते. ज्यांनी सुरू केलं त्यांच्याकडून, किंवा दुसऱ्या बालमानसोपचारतज्ज्ञाचं मत घेऊन, मात्रा हळूहळू कमी करून घ्यावी.