आंत्रशोथाच्या रुग्णातील विषाणुजन्य श्वसनविकार : चिकित्सेतील तारतम्य

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज असलेल्या रुग्णाचे निदान सोलापूर अथवा लातूर येथे होते, औषधेही तेथूनच चालू होतात. परंतु ज्वर, प्रतिश्याय, कास उत्पन्न झाला की तो बेंबळीसारख्या गावातील वैद्याकडे वा औषधी दुकानदाराकडेच प्रथम येतो. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

या व्याधींना ग्रंथात एकच पर्यायी नाव शोधणे आम्हांस युक्त वाटत नाही. लक्षणानुसार रक्तातिसार, प्रवाहिका किंवा ग्रहणी असा विचार करावा. मात्र चिकित्साग्रंथकारांनी ज्वरातिसार स्वतंत्र का सांगितला, हे येथे नेमके उपयोगी पडते. ज्वरघ्न द्रव्ये बहुधा भेदन करणारी, तर अतिसारघ्न द्रव्ये स्तंभन करणारी. एकाची चिकित्सा दुसऱ्यास वाढविते. आंत्रशोथाच्या रुग्णास ज्वर आला असता हाच पेच समोर उभा राहतो.

कोविडच्या साथीत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला. 2020 साली सुरू झालेल्या 'सिक्युअर-आयबीडी' या आंतरराष्ट्रीय रुग्णनोंदणीच्या पहिल्या अहवालात 33 देशांतील 525 रुग्ण होते. वार्धक्य, अन्य सहव्याधी आणि तोंडावाटे स्टेरॉइड यांचा गंभीर आजाराशी स्पष्ट संबंध आढळला. टीएनएफ-विरोधी इंजेक्शनांचा तसा संबंध दिसला नाही. तेव्हा रुग्ण समोर बसताच 'स्टेरॉइड चालू आहे काय, किती मात्रेत व किती दिवसांपासून' हे विचारावे. चालू असल्यास ते आपण एकाएकी बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबविल्यास ज्वराच्या अवस्थेत रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. मात्रेचा निर्णय मूळ तज्ज्ञांस दूरध्वनी करून घ्यावा. अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्याची श्वेतपेशी-गणना करून घ्यावी.

आता आपल्या घरातील प्रश्न. साथीच्या काळात गुळवेल सरसकट दिली गेली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात गुळवेल सेवनानंतर यकृतशोथ झालेले 6 रुग्ण नोंदविले. 2022 साली देशातील 13 केंद्रांच्या अभ्यासात असे 43 रुग्ण आले आणि त्यांतील बहुसंख्यांत स्वप्रतिरक्षी यकृतशोथासारखे चित्र होते. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकल्याची शंका घेतली. ती शंका खरी असो वा नसो, बाजारातून येणाऱ्या ओल्या वेलीची द्रव्यपरीक्षा किती दुकानांत होते, हे आपण सर्व जाणतो. आंत्रशोथ हा प्रतिकारशक्ती स्वदेहाविरुद्ध वळल्याने होणारा विकार. त्यासोबत यकृतविकारही आढळतात आणि अ‍ॅझाथायोप्रिन स्वतः यकृतास बाधक ठरू शकते. अशा रुग्णास 'शक्ती वाढावी' म्हणून गुळवेल वा अश्वगंधा देणे आम्ही टाळतो.

रक्तस्राव चालू असता त्रिकटू किंवा त्रिभुवनकीर्तीसारखे उष्ण-तीक्ष्ण कल्प देऊ नयेत. ज्वरात लंघन शास्त्रोक्त खरे, पण आधीच क्षीण झालेल्या रुग्णास उपवास घडवू नये. लाजामंड, पेया व मीठ-साखरेचे पाणी द्यावे. आर्द्र कासास सितोपलादी अल्प मात्रेत चालते, मधुमेह नसल्यास.

ज्वरशमनार्थ पॅरासिटामॉलच योग्य. औषधी दुकानदार बंधूंनी अंगदुखीसाठी मागितली जाणारी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे अशा रुग्णास देऊ नयेत. त्यांनी आतड्यातील व्रण पुन्हा चेतू शकतात. विषाणुजन्य सर्दीत प्रतिजैविकही निरुपयोगी, शिवाय त्यानंतर क्लॉस्ट्रिडियमजन्य अतिसार होण्याचा धोका या रुग्णांत अधिक असतो.

साथीच्या विषाणूमुळेही द्रवमलप्रवृत्ती होते, त्यामुळे प्रत्येक अतिसार हा मूळ व्याधीचा पुनरुद्भव नव्हे. मलात रक्त-आम वाढणे, रात्री झोपेतून उठवणारी मलप्रवृत्ती, नाडीची गती व उदरशूल पाहावा. शंका राहिल्यास मलपरीक्षा करावी. श्वास लागणे, बोटावरील मापकात प्राणवायू 94 टक्क्यांखाली जाणे, उदर ताठ होणे किंवा दिवसात सहांहून अधिक सरक्त वेग, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास धाराशिव येथील जिल्हा रुग्णालयात त्वरित पाठवावे, सोबत चालू औषधांची चिठ्ठी द्यावी.

फ्लूची निष्क्रिय लस या रुग्णांनी दरवर्षी घ्यावी. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असता नाकात फवारायची जिवंत लस मात्र वर्ज्य.