चामड्याच्या बाहुलीची घडण

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम भागापासून जवळच विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर आहे. तेथील जयलक्ष्मी विलास या वाड्यातील लोकसंस्कृती संग्रहालय १९६८ साली स्थापन झाले असून त्याच्या संग्रहात कर्नाटकातील चामड्याच्या बाहुल्या आहेत. या बाहुल्यांच्या खेळास कन्नडमध्ये ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणतात. तोगलु म्हणजे चामडे आणि गोंबे म्हणजे बाहुली. खेळ कन्नडमध्ये होतो. तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेल्या किळ्ळेक्यात समाजाची घरातील भाषा मात्र मराठीचीच एक बोली आहे. मराठी वाचकांस ही गोष्ट सहसा ठाऊक नसते.

भिंतीवर टांगलेली बाहुली पाहून तिची खरी कल्पना येत नाही. तिच्यावर समोरून उजेड पडला की ती रंगवलेले कातडे दिसते. तिची सारी रचना मागून येणाऱ्या उजेडासाठी केलेली असते, आणि प्रेक्षकाला दिसायची असते ती पांढऱ्या पडद्यावरील तिची रंगीत सावली.

म्हणूनच घडणीचा आरंभ कातड्याच्या निवडीपासून होतो. बहुधा बकऱ्याचे कातडे घेऊन ते भिजवतात, केस खरवडून काढतात आणि ताणून वाळवतात. ते इतके पातळ व्हावे लागते की उजेड आरपार जावा. मग त्यावर आकृती रेखून छिन्नीने व टोचणीने छिद्रे पाडतात. मुकुट, बाजूबंद, वस्त्राचा काठ हे सारे या छिद्रांतूनच उजळते. दागिना तेथे रंगाने काढीत नाहीत, प्रकाशाने काढतात असे म्हणावयास हरकत नाही. रंग दोन्ही बाजूंनी देतात, पण पातळ. जाड थर दिला तर पडद्यावर नुसता काळा डाग उमटतो.

चामड्याचा चेहरा हसत नाही वा रागावत नाही. त्यामुळे एकाच पात्राच्या निरनिराळ्या भावांसाठी व प्रसंगांसाठी वेगवेगळ्या बाहुल्या कराव्या लागतात. राजे व देव आकाराने मोठे, सेवक लहान. दरबारासारखा प्रसंग पुष्कळदा सिंहासनासह एकाच कातड्यात कोरलेला असतो. तो हलत नाही, हलण्याची गरजही नसते. ज्या पात्राने धावायचे वा भांडायचे त्याचे हातपाय वेगळे कापून दोऱ्याने सांधतात आणि बांबूच्या कामट्यांनी चालवतात. बाहुली पडद्याला टेकवली की कडा रेखीव दिसते. दिव्याकडे मागे घेतली की सावली मोठी व पुसट होते.

कोकणात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचाही खेळ जतन केला आहे. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी १९२६ साली पुठ्ठा व शिशाच्या पातळ पत्र्याच्या सांधलेल्या आकृती खालून उजेड दिलेल्या काचेवर ठेवून, त्या किंचित किंचित हलवून पूर्ण लांबीचा चित्रपट केला. साधन नवे होते. सांधा कोठे ठेवावा हा प्रश्न जुनाच.

तेलाच्या दिव्याची ज्योत थरथरते, आणि स्थिर धरलेली बाहुलीही श्वास घेत असल्यासारखी भासते. विजेच्या दिव्यापुढे हा भास उरत नाही. सूत्रधाराच्या हातालाच सारे करावे लागते. शिवाय खेळांची मागणी घटल्याने आंध्र प्रदेशातील निम्मलकुंटा येथील कारागीर याच कातड्याचे दिव्याचे झुंबर व शेड करतात. त्यांत कातड्याची पारख तीच, नक्षीही तीच. सांधे मात्र लागत नाहीत.