‘पित्त उठलंय’ म्हणून थांबू नका



‘पित्त’ हा शब्द आपल्या घरांत फार सैल हाताने वापरला जातो. डोके दुखले, पित्त. आंबट ढेकर आली, पित्त. अंगावर लाल गांधी उठल्या, तरी पित्तच. मग आमसुलाचे पाणी अंगाला चोळायचे, मुलाला गोधडीत गुंडाळायचे आणि वाट बघायची. बहुतेक वेळा गांधी आपोआप उतरतात, म्हणून हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या खरा वाटत आला. पण गांधींबरोबर श्वासही अडकू लागला तर हीच वाट बघणे जिवावर बेतते.

मी वॉर्डात नोकरी करत होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी होती. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आणली. जेवणात भाकरी आणि सुकटीची चटणी. पान उचलायच्या आत ओठ सुजले, मग गांधी, मग दोन उलट्या. शेजारणीने पित्त सांगितले. जवळच्या दवाखान्यात एव्हिलचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. आमच्याकडे येईपर्यंत आवाज घोगरा, हात बर्फासारखे. आणि ती रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी जिना चढून आली! खाटेपाशी पोहोचली आणि कोसळली. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिन द्यायला लावले, पाचेक मिनिटांनी पुन्हा एक, सोबत ऑक्सिजन आणि सलाईन. थोड्या वेळाने तिने पाणी मागितले. आई एकच प्रश्न विचारत राहिली, “सिस्टर, सुकट तर ही लहानपणापासून खाते. आजच कसं झालं?”

त्या आईचा प्रश्न बरोबर होता. ॲलर्जी म्हणजे शरीराची राखण करणारी यंत्रणा चुकून अन्नालाच शत्रू समजते. ही ओळख आधीच्या खाण्यातून आत तयार होत असते, बाहेर दिसत नाही. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिले, की समुद्रफुलाचे जे विष पहिल्यांदा पचले, त्याचाच थोडासा अंश काही आठवड्यांनी दिला तर कुत्रा काही मिनिटांत मरतो. त्यांनी याला ॲनाफिलॅक्सिस नाव दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. (हेच गृहस्थ काही माणसे जन्मानेच हलकी मानणाऱ्यांपैकी होते. त्यांचा शोध घ्यावा, विचार सोडून द्यावा.) तेव्हा ‘आधी खाल्लं होतं’ आणि ‘थोडंसंच खाल्लं’ या दोन्ही गोष्टींवर विसंबता येत नाही.

आता ओळखायचे कसे? खाल्ल्यापासून काही मिनिटे ते साधारण दोन तास, या वेळात लक्ष ठेवा. नुसत्या गांधी, नुसती खाज असेल तर ती साधी ॲलर्जी. माणसाला एकटे सोडू नका, एवढेच. पण आवाज बसला, घसा आवळल्यासारखा वाटला, जीभ सुजली, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, सारखा खोकला लागला, भोवळ आली, अंग पांढरे फटक पडून गार झाले, तर ते पित्त नव्हे. गांधींसोबत पोटात मुरडा आणि सारख्या उलट्या, हीसुद्धा धोक्याची खूण. लहान बाळ सांगू शकत नाही. ते एकदम मलूल होते, मान टाकते. आणि एक गोष्ट शिकलेल्या माणसांनाही चकवते: १०० पैकी १० ते २० रुग्णांच्या कातडीवर काहीच दिसत नाही.

जयंतीच्या किंवा लग्नाच्या जेवणात लोक लगेच ‘विषबाधा’ म्हणतात. विषबाधेत बहुधा काही तासांनी बऱ्याच जणांना त्रास होतो. इथे शंभर माणसे सुखाने जेवत असतात आणि एकच जण काही मिनिटांत घाबराघुबरा होतो.

अशा माणसाला ताबडतोब आडवे करा, पाय उशीवर किंवा पिशवीवर उंच ठेवा. श्वास घेता येत नसेल तर पाय पसरून बसू द्या. उलटी होत असेल, शुद्ध जात असेल किंवा बाई गरोदर असेल, तर डाव्या कुशीवर. काही झाले तरी उभे करू नका, चालवू नका. रक्तदाब खाली गेलेला असतो, उठताच हृदयाकडे रक्त पुरत नाही. जिन्याने आलेली ती मुलगी मी म्हणून विसरत नाही. तोंडात बोटे घालून उलटी काढणे, पाणी-ताक पाजणे, कांदा हुंगवणे, सगळे बंद.

१०८ ला फोन करा. ती गाडी मोफत आहे. फोनवर एवढेच बोला: “खाल्ल्यावर श्वास अडकलाय, ॲलर्जी आहे.” ताडीवाला रोडवरून ससून जवळ आहे, पण धायरीहून किंवा वाघोलीहून नाही. पुण्याच्या वाहतुकीत मोठ्या नावाच्या मागे धावू नका; अपघात विभाग असलेले जवळचे रुग्णालय गाठा. रिक्षातच न्यावे लागले तर मागच्या सीटवर आडवे घ्या, पाय कुणाच्या तरी मांडीवर.

औषध एकच, ॲड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मुलाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१, फरक नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. हे प्रमाण शिकलेल्या हातांसाठी आहे, घरी प्रयोग करण्यासाठी नाही. पण तुम्हाला ठाऊक असावे, कारण विचारण्याचा हक्क तुमचा आहे. एव्हिल, सेट्रिझिनने खाज थांबते. आवळलेला घसा सुटत नाही, पडलेला रक्तदाब चढत नाही. स्टेरॉइडला तर काम करायला तास लागतात. म्हणून विचारा, “डॉक्टर, ॲड्रेनॅलिन दिलं का?” हे औषध महाग नाही, देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि लसीकरणाच्या ठिकाणी याच कारणासाठी त्याचा संच ठेवलेला असतो. परदेशात मिळणारे पेनासारखे इंजेक्शन आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून आपल्यासाठी वेळेला जास्त किंमत.

‘आधी पैसे भरा’ म्हणाले तर? १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तातडीच्या रुग्णाला वाचवणे हे सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे. आधार संविधानाच्या २१ व्या कलमाचा. आवाज न चढवता, पण हे सांगा. बरे वाटले म्हणून लगेच घरी निघू नका. काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो.

मग खायचे काय? दूध, अंडी, मासे, सुकट-जवळा-सोडे, शेंगदाणे, काजू-बदाम, गहू, सोयाबीन हे नेहमीचे संशयित. आपल्याकडे शेंगदाण्याचे कूट कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत न सांगता जाते. पाकिटावर ॲलर्जीचे घटक छापण्याचा नियम २०२० पासून आहे, पण त्या यादीत तीळ नाही. २०१६ साली लंडनहून निघालेली नताशा एडनन-लापेरूस ही १५ वर्षांची मुलगी पावाच्या पिठातल्या, वेष्टनावर न लिहिलेल्या तिळाने गेली. तिच्या आईवडिलांच्या लढ्यामुळे तिथला कायदा २०२१ मध्ये बदलला. आपण तर संक्रांतीला तिळगूळ घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

इथे मन थोडे घट्ट करून लिहिते. आपल्या आज्या-पणज्यांना पंगतीबाहेर बसवले गेले, वरून पाणी ओतले गेले. म्हणून आपल्या दारात कुणी पान परत केले की आतवर लागते, आणि आपण आग्रह करतो. बुद्धपौर्णिमेच्या खीरदानात एखादे मूल ‘नको’ म्हणते, तर ‘घे रे, सुजाताची खीर आहे’ म्हणत वाटी हातात देतो. त्या ‘नको’त अपमान नसतो. कदाचित ते मूल काजूने एकदा मरता मरता वाचलेले असते.

येत्या खीरदानाला पातेल्याशेजारी एक पुठ्ठा लावा: दूध, काजू, बदाम, जे घातले ते. शेंगदाण्याच्या पदार्थाचा डाव खिरीत बुडवू नका. आणि रविवारच्या वंदनेनंतर विहारातल्या दोघा-तिघांनी वस्तीतल्या डॉक्टरांकडे जाऊन विचारून यावे, तुमच्याकडे ॲड्रेनॅलिन आहे का, आणि त्याची मुदत कधी संपते.