इंग्रजी कसोटीतील उतारा आणि त्यावरील प्रश्न

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणारे विद्यार्थी, ब्रिटनमध्ये सेवेस जाणाऱ्या परिचारिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत स्थायिक होऊ पाहणारे कारागीर व तंत्रज्ञ अशा अनेकांना इंग्रजी भाषेवरील प्रभुत्वाची कसोटी द्यावी लागते. अशा कसोट्यांपैकी ‘टोफेल’ १९६४ पासून आणि ‘आयईएलटीएस’ १९८९ पासून घेतली जाते. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचा लाभ होण्यासाठी परदेशातील विद्यापीठाचा प्रवेश हाती असावा लागतो आणि इंग्रजीतून शिकविणारी बहुतेक विद्यापीठे प्रवेशापूर्वी अशा कसोटीचे गुण मागतात. त्यामुळे तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकलेल्या हुशार मुलाची वाट पुष्कळदा या एका परीक्षेपाशी अडते. परीक्षेचे शुल्कही असे असते की ते पुन्हा पुन्हा भरणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही.

या कसोटीत ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे चार भाग असतात. बोलण्याची धास्ती सर्वांनाच असते आणि तयारीही त्याचीच अधिक केली जाते. वाचनाचा भाग मात्र सोपा समजून सोडून दिला जातो. शालेय जीवनात उताऱ्यावरील प्रश्न सोडविण्याचा सराव झालेला असतो, हे त्याचे कारण होय. वस्तुतः तो सरावच येथे अडचणीचा ठरतो.

कसोटीचे स्वरूप

आयईएलटीएसच्या वाचन विभागात ४० प्रश्न व ६० मिनिटे असतात. उच्च शिक्षणासाठी बसणाऱ्यांना तीन दीर्घ उतारे दिले जातात. ते पुस्तके, नियतकालिके व वर्तमानपत्रे यांतून घेतलेले असून तिन्ही मिळून सुमारे २,१५० ते २,७५० शब्द भरतात. नोकरी अथवा स्थलांतरासाठी बसणाऱ्यांचा प्रकार वेगळा असतो. त्यात सूचनाफलक, जाहिराती, कामाच्या ठिकाणचे नियम असे छोटे मजकूर आधी येतात आणि शेवटी एक दीर्घ उतारा असतो. प्रत्येक अचूक उत्तरास एक गुण मिळतो. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. उच्च शिक्षणाच्या प्रकारात ४० पैकी सुमारे ३० उत्तरे बरोबर आली तर नऊपैकी सातची श्रेणी मिळते. दुसऱ्या प्रकारात त्याच श्रेणीसाठी सुमारे ३४ उत्तरे बरोबर यावी लागतात, कारण तेथील मजकूर तुलनेने सोपा असतो.

उताऱ्याचा विषय कोणताही असू शकतो. तो विषय आधी माहीत असावा अशी अपेक्षा नसते. जे विचारले जाते त्याचे उत्तर उताऱ्यातच असते आणि उताऱ्याबाहेरून आणलेले उत्तर कितीही खरे असले तरी ग्राह्य धरले जात नाही. या एका नियमाचा पूर्ण अर्थ ज्याला समजला त्याचे निम्मे काम झाले.

शब्द जुळविण्याची सवय

शालेय परीक्षेतील अपठित उताऱ्याचा प्रश्न बहुधा उताऱ्याच्याच शब्दांत विचारलेला असतो. प्रश्नातील ठळक शब्द उताऱ्यात शोधावा, तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उतरवून काढावे, की गुण मिळतात. अर्थ कळला नाही तरी चालते. हा उपाय इतका अंगवळणी पडतो की त्याला वाचन म्हणतात अशीच मुलांची समजूत होते.

प्रावीण्य कसोटी तयार करणारे तज्ज्ञ नेमके याच्या उलट करतात. उताऱ्यात ‘सलग दोन वर्षे पीक बुडाले’ असे असेल, तर प्रश्नात ‘शेतीचे उत्पन्न घटले’ असा शब्दप्रयोग येतो. आणि ज्या वाक्यात प्रश्नातील शब्द जसाच्या तसा आढळतो, तेथे पुष्कळदा उत्तर नसते. घाईने शब्द जुळविणाऱ्यासाठी तो सापळा असतो. म्हणून प्रश्न वाचताना त्यातील कल्पना आणखी कोणत्या शब्दांत सांगता येईल याचा विचार आधी करावा लागतो. विशेषनामे, सन, आकडे व शास्त्रीय संज्ञा यांना सहसा पर्यायी शब्द नसतो. त्यामुळे उताऱ्यातील जागा हेरण्यासाठी त्यांचा उपयोग खुणेच्या दगडासारखा होतो. पण जागा सापडली म्हणजे उत्तर सापडले असे नव्हे. तेथून पुढे ती दोन-तीन वाक्ये सावकाश, शब्द न् शब्द वाचावयाची असतात.

आधी उतारा वाचावा की आधी प्रश्न, याविषयी शिकविणाऱ्यांत मतभेद आहेत. अनुभवी परीक्षार्थी दोन्हींचा मेळ घालतात. शीर्षक व प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य यांवरून दोन-तीन मिनिटांत नजर फिरवावी, कोणत्या परिच्छेदात कशाविषयी लिहिले आहे हे ध्यानात घ्यावे आणि मग प्रश्नांकडे वळावे. संपूर्ण उतारा मनातल्या मनात मराठीत आणीत वाचणाऱ्यास तिसऱ्या उताऱ्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते.

‘असत्य’ आणि ‘माहिती दिलेली नाही’

सर्वांत अधिक गुण जातात ते एका विशिष्ट प्रकारच्या प्रश्नात. काही विधाने दिलेली असतात आणि प्रत्येक विधान उताऱ्याच्या आधारे ‘ट्रू’, ‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’ ते ठरवावयाचे असते. आपल्या शाळांत चूक की बरोबर एवढेच विचारले जाते; तिसरा पर्याय मुलांना अपरिचित असतो. एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. पुढील मजकूर इंग्रजी उताऱ्याचा आशय आहे असे समजावे.

‘बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झाले आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. हे विवर ज्वालामुखीचे असावे असे एके काळी अनेक अभ्यासकांचे मत होते. सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये पाण्याचा रंग गुलाबी झाला. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे घडल्याचे तपासणीत आढळले.’

आता विधाने पाहावीत. पहिले : ‘सरोवराच्या उत्पत्तीविषयी अभ्यासकांचे सुरुवातीपासून एकमत होते.’ उताऱ्यात ज्वालामुखीचे मत नमूद आहे. ते या विधानाच्या थेट विरुद्ध जाते. म्हणून हे असत्य. दुसरे : ‘२०२० मधील रंगबदल सजीवांमुळे घडून आला.’ उताऱ्यात सूक्ष्मजीव असा शब्द आहे, विधानात सजीव असा आहे. अर्थ तोच आहे. म्हणून हे सत्य. तिसरे : ‘२०२० पूर्वी सरोवराचा रंग कधीही बदलला नव्हता.’ उताऱ्यात २०२० ची घटना आहे, पण तत्पूर्वी काय झाले अथवा झाले नाही याविषयी एक अक्षरही नाही. उत्तर : माहिती दिलेली नाही.

चौथे विधान सर्वांत बोधप्रद आहे. ‘१८२३ पूर्वी परिसरातील लोकांना सरोवराची माहिती नव्हती.’ लोणार पाहिलेला कोणीही हे विधान तत्काळ खोटे ठरवील. सरोवराच्या काठची मंदिरे कित्येक शतके जुनी आहेत आणि ती बांधणाऱ्यांना सरोवर दिसले नाही असे म्हणणे हास्यास्पद होईल. तरीही परीक्षेत ‘फॉल्स’ हे उत्तर चूक ठरेल. उताऱ्यात मंदिरांचा उल्लेख नाही आणि स्थानिक लोकांविषयीही काही म्हटलेले नाही. ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंद केली एवढेच सांगितले आहे. येथे जाणकार विद्यार्थी फसतो आणि लोणारचे नावही न ऐकलेला परदेशी परीक्षार्थी सुटतो. ज्याचे सामान्य ज्ञान चांगले त्याचे गुण जावेत हे अन्यायाचे वाटेल. परंतु कसोटी ज्ञानाची नसून, समोरचा मजकूर नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही हे ओळखण्याची आहे. आदेश, अधिनियम व परिपत्रके वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना या शिस्तीचे महत्त्व सांगावयास नकोच.

व्यवहारात एक सोपी कसोटी लावता येते. विधान असत्य ठरवावयाचे असेल तर त्याला खोडून काढणाऱ्या शब्दांवर बोट ठेवता आले पाहिजे. असे शब्द सापडत नसतील आणि विधानास दुजोरा देणारेही सापडत नसतील, तर उत्तर तिसरे असते. न सापडणारी माहिती शोधण्यात दहा मिनिटे घालविण्याची चूक पुष्कळ जण करतात. या प्रकारातील विधाने उताऱ्याच्या क्रमानेच येतात. पहिल्या व तिसऱ्या विधानाच्या जागा सापडल्या असतील तर दुसऱ्याची जागा त्या दोहोंच्या दरम्यानच असणार. तेवढा भाग पाहून निर्णय घ्यावा. ज्या ठिकाणी लेखकाचे मत विचारलेले असते तेथे ‘येस’, ‘नो’ व ‘नॉट गिव्हन’ असे पर्याय येतात. सूचनेत जे शब्द दिले असतील तेच लिहावेत.

लहान शब्द, मोठा फरक

कठीण शब्द अडले तर संदर्भावरून निभावून नेता येते. चुका होतात त्या सोप्या शब्दांत. ‘अ फ्यू’ म्हणजे काही थोडे, तर नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. पहिला होकाराकडे झुकतो, दुसरा नकाराकडे. ‘हार्डली’ या शब्दात नकार दडलेला आहे, पण ‘नॉट’ दिसत नसल्याने वाक्य होकारार्थी वाचले जाते. ‘फार फ्रॉम सक्सेसफुल’ यातील शेवटचा शब्द तेवढा डोळ्यांत भरतो आणि फसलेली योजना यशस्वी ठरते. ‘अनलेस’ने आरंभ होणाऱ्या वाक्यात अट व नकार एकत्र असतात. विधानात ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘ऑलवेज’ असे शब्द असतील आणि उताऱ्यात ‘सम’, ‘मे’, ‘युज्वली’ असे सावध शब्द असतील, तर दोन्हींचा अर्थ एक नव्हे.

मराठी वाचकाला आणखी एक अडचण येते ती वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘जो… तो’ या जोडीमुळे कोणाविषयी बोलणे चालले आहे हे स्पष्ट राहते. इंग्रजीत नाम आधी येते व त्याचे वर्णन ‘हू’ किंवा ‘विच’ने मागाहून जोडले जाते. तेथे एका स्वल्पविरामाने अर्थ पालटतो. ‘द फार्मर्स हू हॅड डग वेल्स’ असे स्वल्पविरामाविना लिहिले तर ज्यांनी विहिरी खोदल्या होत्या तेवढेच शेतकरी अभिप्रेत असतात. ‘फार्मर्स’नंतर स्वल्पविराम आला तर त्या सर्वच शेतकऱ्यांनी विहिरी खोदल्या होत्या असा अर्थ होतो. ‘सर्व शेतकऱ्यांनी विहिरी खोदल्या’ हे विधान एका वाक्याच्या आधारे सत्य ठरते, दुसऱ्याच्या आधारे ठरत नाही. व्याकरणाच्या तासाला हा नियम सांगितला जातो, पण त्याचा वाचनाशी संबंध क्वचितच दाखविला जातो.

इतर प्रकार

परिच्छेदांना शीर्षके जुळविण्याच्या प्रश्नात शीर्षके परिच्छेदांपेक्षा जास्त असतात. परिच्छेदातील एखाद्या तपशिलाचा शब्द शीर्षकात दिसला म्हणून ते निवडू नये. शीर्षक संपूर्ण परिच्छेदाला लागू पडले पाहिजे. रिकाम्या जागा भरताना शब्दमर्यादा दिलेली असते. दोनपेक्षा अधिक शब्द नकोत असे म्हटले असता तीन शब्द लिहिल्यास उत्तर बरोबर असूनही गुण मिळत नाही. जोडरेघेने जोडलेला शब्द एकच धरला जातो. उताऱ्यातून शब्द घ्यावयाचा असेल तर तो तसाच उतरवावा. शुद्धलेखनाची चूक उत्तर बाद करते.

वेळेचे वाटप २०-२० मिनिटांचे करावे असे सर्रास सांगितले जाते. परंतु उतारे उत्तरोत्तर कठीण होत जातात. पहिल्यास १५, दुसऱ्यास २० व तिसऱ्यास २५ मिनिटे ठेवणे अधिक हिताचे ठरते. कागदावर परीक्षा देणाऱ्यांनी उत्तरे थेट उत्तरपत्रिकेतच लिहावीत, कारण ऐकण्याच्या विभागाप्रमाणे येथे उत्तरे उतरवून घेण्यास वेगळा वेळ मिळत नाही. शेवटच्या मिनिटात एकही जागा कोरी ठेवू नये. अंदाजाने लिहिण्यात काही तोटा नाही.

शाळेत व गावात

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे हाताशी असतात. त्यांपैकी आठवड्यातला एक तास जरी अशा वाचनासाठी दिला, तरी महागड्या शिकवण्यांची गरज पुष्कळ कमी होईल. त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. पाठ्यपुस्तकातील कोणताही उतारा घ्यावा आणि प्रत्येक उत्तरासमोर ते कोणत्या ओळीवरून काढले तिचा क्रमांक लिहिण्यास सांगावे. ओळ दाखविता आली नाही तर उत्तर बरोबर असले तरी गुण देऊ नयेत. नंतर मुलांनाच विधाने तयार करण्यास सांगावे : दोन सत्य, दोन असत्य, दोन माहिती नसलेली. तिसऱ्या प्रकारचे विधान रचणे मुलांना प्रथम फार जड जाते. ते जमू लागले की ओळखणेही जमते.

वाचनाचा वेग मात्र वर्गात वाढत नाही. त्याला रोजचे वाचन लागते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. या अधिनियमाखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अनेक गावांत आहेत. तेथे मराठी दैनिके येतात. इंग्रजी दैनिक येतेच असे नाही. ग्रामपंचायतीने व ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने एक इंग्रजी दैनिक व एखादे विज्ञानविषयक इंग्रजी मासिक सुरू केल्यास त्याचा खर्च फारसा नाही. दैनिकाच्या पहिल्या पानापेक्षा आतील पानांवरचे शेती, आरोग्य, पर्यावरण व इतिहास या विषयांवरील लेख परीक्षेतील उताऱ्यांच्या अधिक जवळचे असतात. जुने अंक रद्दीत न घालता असे लेख कापून एका फाइलमध्ये लावून ठेवले, तर वर्षाअखेर शाळेला सरावासाठी शंभरावर उतारे आयतेच मिळतील.