रंगाच्या डब्यातला उजेड

मुंबईतल्या एखाद्या चाळीतली दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली डोळ्यांसमोर आणा. खिडकी एकच. तिच्याशेजारच्या कोपऱ्यात तुमची अभ्यासाची जागा. तेथून आकाश दिसत नाही, म्हणून भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी मोठी करता येत नाही. मग उजेड कोठून आणायचा?

उत्तर रंगाच्या डब्यात आहे. भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. तो दुसऱ्या भिंतीवर पडतो; तीही त्यातला काही भाग परत पाठवते. असा प्रकाश खोलीभर फिरत राहतो.

आता थोडे गणित करू. खिडकीतून आलेला प्रकाश १०० भाग माना. समजा, भिंती, छत, जमीन सारे पांढरे असून ८० टक्के प्रकाश परत पाठवतात. मग फिरता प्रकाश ८० + ६४ + ५१.२ + … असा होईल. ही भूमिती श्रेढी आहे. तिची बेरीज ४०० भाग! गडद रंग २० टक्केच परत पाठवत असेल, तर २० + ४ + ०.८ + … म्हणजे अवघे २५ भाग. तुमच्या कोपऱ्याला थेट प्रकाश मिळत नाही. तो या फिरत्या प्रकाशावरच जगतो. म्हणजे त्याच्या वाट्याला येणारा फरक सोळापट! प्रत्यक्षात कपाटे, अंथरुणे प्रकाश शोषतात, काही प्रकाश खिडकीतून बाहेरही जातो. त्यामुळे फरक इतका पडत नाही; पण पडतो खरा.

म्हणून घरी रंग काढायचे ठरेल तेव्हा छत पांढरेच ठेवा. त्याच्या आड कपाट येत नाही. भिंतींना चुना किंवा बिनचकाकीचा फिकट रंग द्या. त्यांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. चकचकीत ऑइलपेंटवर मात्र खिडकीची तिरीप उमटून डोळ्यांना त्रास होतो. खिडकीसमोर आरसा लावलात, तर प्रतिमा आरशामागे तितक्याच अंतरावर दिसते आणि खोली दुप्पट लांब भासते. पण फिकट भिंतीप्रमाणे तो प्रकाश चोहीकडे पसरवत नाही.

विश्वास बसत नाही? बुटांची दोन सारखी खोकी घ्या. एक आतून पांढऱ्या, दुसरे काळ्या कागदाने मढवा. दोन्हींच्या लांब बाजूला डावीकडे रुपयाएवढी खिडकी कापा. त्याच बाजूला, आतून उजव्या टोकाशी वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा. तुकड्याच्या समोरच्या बाजूला डोळ्यापुरते छिद्र पाडा. झाकणे लावून खोक्याची खिडकी उजेडाकडे धरा. उन्हाकडे मात्र नको. कोणत्या खोक्यातली अक्षरे वाचता येतात?

त्या खोक्यासारखी खोली तुमच्या अभ्यासाला हवी. घरात रंगाची बोलणी निघतील तेव्हा ही दोन खोकी मोठ्यांपुढे ठेवा.