एकेका वर्गाची स्वतंत्र परीक्षा

संगणकाच्या आज्ञावलींत ज्यास ‘वर्ग’ म्हणतात तो आपल्या शाळेंतील वर्ग नव्हे. माहिती व ती हाताळण्याचे नियम एकत्र बांधून केलेला तो एक सांचा होय. त्यांतून हव्या तितक्या ‘वस्तु’ घडवितां येतात.

खामगांवच्या कापूसबाजारासाठीं एक आज्ञावली करावयाची आहे असें समजा. ‘वजन’ हा वर्ग भरलेल्या गाडीच्या वजनांतून रिकाम्या गाडीचें वजन वजा करून किलोंचे क्विंटल करितो. ‘पावती’ हा वर्ग त्यांस भावानें गुणून शेतकऱ्याची रक्कम सांगतो. आतां ‘वजन’ लिहिणाऱ्यानें शंभराऐवजीं दहानें भागिलें, तर ५०० किलोंचे ५० क्विंटल होतात. ‘पावती’ लिहिणाऱ्यानें आंकडा फार मोठा दिसतो म्हणून तो मुकाट्यानें दहानें भागिला. भाव ७,००० रुपये धरला तर रक्कम ३५,००० रुपये, अगदीं बरोबर येते, आणि सर्व मंडळी संतुष्ट होतात! उद्यां कोणी ‘वजन’ तेवढें दुरुस्त केलें, कीं त्याच शेतकऱ्याच्या हातीं ३,५०० रुपये पडतील.

म्हणून प्रत्येक वर्ग एकटा तपासावा. ‘पावती’ तपासतांना खरा ‘वजन’ वर्ग जोडूंच नये. त्याच्या जागीं ‘५ क्विंटल’ एवढेंच उत्तर देणारा एक तोतया बसवावा. मग चूक निघाली तर ती ‘पावती’चीच. ‘वजना’स सोपे प्रश्न घालून भागत नाहीं. शून्य, ९९ किलो, १०० किलो हे आंकडे द्यावे. रिकामी गाडी भरलेलीहून जड असें खोटें मापही द्यावें, व तेव्हां त्यानें स्पष्ट नकार द्यावा. अपेक्षित उत्तर आधीं हातानें मांडावें; तें आज्ञावलीसच विचारून लिहिणें म्हणजे परीक्षार्थ्याकडून त्याचीच उत्तरपत्रिका तपासून घेणें होय. प्रत्येक परीक्षेस वस्तु नवी घडवावी, नाहींतर मागील पावतीची बाकी पुढील पावतींत शिरते.

केंट बेक व एरिक गामा यांनीं १९९७ सालीं जावा भाषेसाठीं ‘जेयुनिट’ हें साधन रचिलें. पायथन भाषेंत तसलेंच ‘युनिटटेस्ट’ भाषेबरोबरच मिळतें. त्या योगें शेंकडों परीक्षा क्षणांत पुनः घेतां येतात.

सुटे भाग निर्दोष म्हणून यंत्र निर्दोष, असें मात्र पालकांनीं समजूं नये. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं अमेरिकेचें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान मंगळाजवळ नाहींसें झालें. पृथ्वीवरील एक आज्ञावली धक्क्याचें मान पौंडांच्या मापांत देत होती, व दुसरी तें न्यूटनच्या मापांत आहे असें समजत होती. फरक सुमारें साडेचार पटींचा. तेव्हां तोतयानें क्विंटल सांगावे कीं किलो, हें दोन्ही वर्ग लिहिणाऱ्यांनीं आधीं कागदावर ठरवावें, आणि अखेरीस तोतयास दूर सारून खऱ्या ‘वजना’सह एक पावती फाडून पाहावी.