बिरसीची धावपट्टी आणि गोंदियाचा मालधक्का

गोंदिया शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर, कामठा गावाजवळ बिरसी आहे. चहूकडे धानाच्या बांध्या आणि मधेच एक लांबलचक विमानपट्टी. ही पट्टी इंग्रज सरकारने 1940 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. येथल्या शेतकऱ्याचा तांदूळ बाहेर जावा, हा हेतू त्यात नव्हता. हेतू लढाईचा होता. रस्ता, रूळ किंवा धावपट्टी कोणी आणि कशासाठी बांधली, यावरच तिचा फायदा कोणाला होणार हे बरेचसे ठरते. व्यापारी बांधवांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी असे आम्हांस वाटते.

देशांचेही असेच असते. नेपाळला समुद्र नाही. त्याचा बहुतेक परदेशी माल कोलकाता व हल्दिया बंदरांतून, भारताच्या भूमीवरून जातो. त्यामुळे काठमांडूत भारताच्या शब्दाला वजन आहे. सप्टेंबर 2015 पासून काही महिने सीमेवर मालट्रक अडकले. नेपाळने याला भारताची नाकेबंदी म्हटले, भारताने ते नाकारले. गॅस, पेट्रोल, औषधे यांची तेथे टंचाई झाली. पुढच्याच वर्षी, मार्च 2016 मध्ये, नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. डोंगरापलीकडची चिनी बंदरे फार दूर आहेत, त्यामुळे व्यवहारात भारताचाच मार्ग सोयीचा राहिला. पण गिऱ्हाईक एकदा दुसरे दुकान शोधू लागले, की जुन्या दुकानदाराने सावध व्हावे!

आता आपल्या गोंदियाकडे पाहू. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली आणि गोंदिया तिच्या वाटेवर आले. पुढे हीच वाट हावड्याला जोडली गेली. मग 1903 पासून गोंदिया-नैनपूर-जबलपूर ही अरुंद रुळांची लाईन टप्प्याटप्प्याने सुरू झाली. एक रूळ रुंद, दुसरा अरुंद. डबा इकडून तिकडे जाऊ शकत नव्हता. सातपुड्याकडून आलेला माल गोंदियात उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे. सरकारच्या दृष्टीने ही अडचण होती, पण बाजारपेठेला तिच्यातूनच काम मिळाले. माल थांबला की हमाल लागतो, बैलगाडी लागते, वखार लागते, अडत्या लागतो. तांदळाच्या गिरण्या आणि तेंदूपानावर चालणारा विडीधंदा या जंक्शनच्या आधाराने वाढला.

ही लाईन रुंद करण्याचे काम 2021 पर्यंत पुरे झाले. आता जबलपूरकडची गाडी इटारसीचा फेरा न घेता गोंदियावरून बल्लारशाहमार्गे दक्षिणेकडे जाऊ शकते. देशाच्या दृष्टीने हे मोठे काम आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र माल आता गोंदियात उतरण्याचे कारण उरले नाही. गाडी शिट्टी देऊन पुढे जाते. मार्ग चांगला झाला म्हणजे गावाचा धंदा आपोआप वाढतो, असे नाही.

तांदळाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जगाच्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा सुमारे चाळीस टक्के आहे. 20 जुलै 2023 रोजी केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. नंतर नेपाळ, मलेशिया, फिलिपिन्स, कॅमेरून अशा निवडक देशांना ठरावीक कोटा दिला. याचाच अर्थ, कोणाला धान्य पोचवायचे आणि कोणाला नाही, यातून देश आपले वजन वापरतो. सप्टेंबर 2024 मध्ये ही बंदी उठली. या चौदा महिन्यांत धान भरडणाऱ्याला विचारणारे कोण होते? समुद्रापासून दूरच्या गिरणीवाल्याला बंदरापर्यंतचे भाडे आधीच जास्त पडते, त्यात एका हुकमाने गिऱ्हाईकही जाते.

बिरसीला 13 मार्च 2022 रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद ही प्रवासी विमानसेवा सुरू झाली. ती काही महिन्यांतच थांबली. 1 डिसेंबर 2023 रोजी दुसऱ्या कंपनीने हैदराबादची सेवा सुरू केली. पण अशा छोट्या विमानात तांदळाच्या पोत्यांना जागा कुठली? विमानाने जाईल तो माल हलका आणि महाग असावा लागतो. धान, कनकी, तेंदूपान यांना मालगाडी आणि ट्रकच हवा.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गाचेही नियोजन झाले आहे. असल्या रस्त्यावर वाटेल तिथे चढता-उतरता येत नाही. म्हणून नकाशा पाहताना आपल्या बांधवांनी आधी उतरण्याची जागा शोधावी. ती आपल्या गावापासून किती अंतरावर आहे? तेथे वजनकाटा, टायर, वेल्डिंग, गाडीची बॉडी बांधणे, गोदाम यांपैकी काय लागेल? जागेचे भाव चढण्याआधी दोघा-चौघांनी भागीदारीत ही चौकशी केली तर बरे. आणि गिरणीवाल्यांनी नवा सौदा करताना काकीनाडा, विशाखापट्टणम व मुंबई या तिन्ही ठिकाणांचे पोहोच भाडे वेगवेगळे काढून मगच भाव सांगावा.